गोठांची घनता

आमच्या ह्यांना एककाशिवाय आकडा चालत नाही. लग्न होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. मी स्वयंपाकघरातून विचारलं, "दोन पुरतील ना?" तर पेपर खाली ठेवून म्हणाले, "दोन काय?" मी पोळ्यांबद्दल विचारत होते. घरात दुसरं काही शिजत नव्हतं. पण नाही, दोन म्हटलं की पुढे काय ते सांगायचं. तेव्हाच मी समजून घेतलं की पदरात पडलंय ते असं आहे.

अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्याच्या लॅबमध्ये ह्यांची उभी हयात गेली. येणारा माल तपासायचा, जाणारा माल तपासायचा. रोजची पहिली तपासणी घनतेची. उंच काचेच्या भांड्यात द्रव ओतायचा, त्यात आकडे लिहिलेली काचेची नळी सोडायची, ती जिथे तरंगेल तिथला आकडा वाचायचा. ऑपरेटर फोनवर सांगायचा, "साहेब, आठशे चाळीस." हे विचारणार, "आठशे चाळीस काय?" तो म्हणणार, "डेन्सिटी, साहेब." "ते कळलं रे, पण काय?" मग तो बिचारा किलो प्रति घनमीटर म्हणेपर्यंत हे फोन ठेवत नसत. कारखान्याला पाणी जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रातून यायचं. त्याचीही घनता हे नेमाने काढत. दर वेळी तेच उत्तर यायचं, तरी काढत. "पाण्याची घनता एक म्हणा नाहीतर हजार म्हणा, पाणी तेच. ग्रॅम आणि घन सेंटिमीटर घेतले तर एक, किलो आणि घनमीटर घेतले तर हजार." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतसुद्धा म्हणून दाखवेन.

बदलापुरात आम्ही राहतो त्या कात्रपच्या वाण्याकडे तर मला ह्यांच्याबरोबर जायची लाज वाटायची. मी म्हणणार, "एक किलो तेल द्या." तो पिशवी पुढे करणार. हे ती उलटी करून वाचणार आणि मला भर दुकानात सांगणार, "हे लिटर आहे. वजन नऊशे दहा ग्रॅम. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं." वाणी म्हणायचा, "साहेब, भाजी तेवढीच तळली जाणार." आणि हे म्हणायचे, "तो मुद्दाच नाही."

स्वभावाने माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते. पुढे जे झालं ते वाचून तुम्हाला वाटेल की हा माणूस दुष्ट आहे. दुष्टपणा परवडला असता. ह्यांनी जे केलं ते चांगुलपणाने केलं.

माझी आई उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये राहते. वडील गेले तेव्हा मी शाळेत होते. आईने शर्टांची काज-बटणं करून घर चालवलं. आमच्या गल्लीत कापडाचे छोटे छोटे कारखाने होते, सिंधी शेठ गठ्ठे घरपोच टाकायचे, दुसऱ्या दिवशी उचलायचे. त्यातून तिने मला ग्रॅज्युएट केलं आणि माझ्या लग्नात मला गोठांची जोडी घातली. गोठ म्हणजे हातात घालायचं जाड, गोल कडं, आता कुणी घालत नाही. लग्नात ह्यांच्या आत्याबाईंनी एक गोठ तळहातावर जोखून सगळ्या बायकांसमोर विचारलं होतं, "आतून कसे आहेत?" आई म्हणाली होती, "आतून बाहेरून सोनं." आत्याबाईंनी गोठ परत आईच्या हातात ठेवला. आईचा तो आवाज मला अजून आठवतो. मी त्या दिवशी मान वर करून सासरी गेले.

पहिली पंधरा-सोळा वर्षं जावई-सासू यांचं गूळपीठ होतं. आमच्यात दर तीन वर्षांनी अधिक महिना येतो, धोंड्याचा महिना. त्यात जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे जेवायला घालायचे आणि ताटात तेहेतीस अनारसे, वर तुपाचा दिवा, असं वाण द्यायचं. आईचे अनारसे गल्लीत नावाजलेले होते, जाळी अशी पडायची की पलीकडचा दिवा दिसावा. पहिल्या अधिकात हे जेवले, वाण घेतलं, अनारसे कारखान्यात नेऊन सगळ्यांना वाटले. आई महिनाभर ते सांगत होती.

मग ते बंद झालं. एका अधिकात ह्यांना नेमकी ड्युटी निघाली. पुढच्या अधिकात पोट बिघडलं. दिवाळीला आईने शर्टाचं कापड आणलं, तर म्हणाले, "आई, कशाला हे? माझ्याकडे खूप आहेत. तुम्हीच कुणाला तरी द्या." उलट आईकडे जाताना हेच पिशव्या भरून न्यायचे. तिचा पंखा बदलून दिला, नळ बदलून दिला, तांदळाचं पोतं टाकलं. लोक मला म्हणायचे, जावई असावा तर असा. आई मात्र मला एकदा म्हणाली, "तुझा नवरा मला दानधर्म करतो. माझ्या हातचं मात्र घेत नाही. माझ्या हाताला काय झालंय?" मी म्हटलं, "तसं नाही गं आई, स्वभाव आहे." ती म्हणाली, "स्वभाव आधी असा नव्हता." तिला दुसरं काही नको होतं. जावयाने एकदा पाटावर बसून मानाने वाण घ्यावं, एवढंच. ते होत नव्हतं आणि का होत नाही हे तिला कुणी सांगत नव्हतं. मलाही माहीत नव्हतं.

आता मधली गोष्ट सांगते. मुलगी नववीत होती. विज्ञानात घनतेचा धडा होता आणि घरातल्या वस्तूंची घनता काढून आणायची होती. ह्यांना तर सणच. उल्हासनगरच्या बाजारातून तळहाताएवढा इलेक्ट्रॉनिक काटा आणला होता, तो काढला. काट्यावर पाण्याचा काचेचा बाऊल ठेवला, आकडा शून्यावर आणला. मग वस्तू दोऱ्याला बांधून पाण्यात सोडायची, तळाला टेकू द्यायची नाही, काठाला लागू द्यायची नाही. वस्तूने जेवढं पाणी बाजूला सारलं तेवढा आकडा काटा दाखवतो. "दिसतात ग्रॅम, पण वाचायचे घन सेंटिमीटर," हे मुलीला सांगत होते. "कारण पाण्याचा एक ग्रॅम म्हणजेच एक घन सेंटिमीटर. आता कोरडं वजन भागिले हे आकारमान." स्टीलचा चमचा झाला, साडेसातच्या वर काहीतरी आलं. कपाटाच्या कुलपाची पितळी किल्ली झाली, साडेआठ आलं. मला त्या दिवशी एका लग्नाला जायचं होतं म्हणून गोठ बाहेर काढलेले होते. मीच मोठ्या दिमाखात ते पुढे केले. म्हटलं, "किल्ल्या काय मोजताय, हे मोजा. सोनं किती येतं ते कळू दे लेकीला."

मुलीने पुस्तकात बघून सांगितलं, शुद्ध सोनं एकोणीसच्या वर. हे म्हणाले, दागिन्यात तांबं-चांदी असते, सतराच्या आसपास येईल. दोन्ही गोठ पाण्यात सोडले. भागाकार झाला. ह्यांनी पुन्हा कोरडे केले, पुन्हा सोडले. मी पोळ्या लाटत होते, तिथूनच विचारलं, "किती आलं?" हे म्हणाले, "बुडबुडे चिकटलेत. नीट येत नाहीये." काटा उचलून ठेवला. मुलीच्या वहीत चमचा आणि किल्ली एवढंच गेलं. मी गोठ घालून लग्नाला गेले, जेवले, परत आले, आणि बुडबुडे विसरून गेले.

पुढे मुलगी शिकली, नोकरीला लागली, आणि आता तिचं लग्न ठरलं. ती म्हणाली, "मम्मी, वो गोठ मैं नहीं पहनूंगी हां, मला बारीक चेन कर." ह्या पिढीला अर्ध्या वाक्यात हिंदी लागतेच. मी म्हटलं ठीक आहे, मोडून चेन आणि बांगड्या करू. ह्यांनी ते ऐकलं आणि घरात विचित्र प्रकार सुरू झाला. हे म्हणाले, "राहू दे गं, आईंची आठवण आहे." मी म्हटलं, आई आहे अजून, आठवण कसली? मग म्हणाले, "भाव खाली येणार आहे." मग म्हणाले, "घट जाते मोडीत." मग म्हणाले, "मी नवीन चेन घेतो, तू ते तसेच ठेव." ज्या माणसाने जन्मात दागिन्याकडे बघितलं नाही तो रोज सकाळी चहाबरोबर गोठांचा विषय काढायला लागला.

मी आईला फोन केला. वाटलं, ती तरी माझ्या बाजूने बोलेल. ती घाईघाईने म्हणाली, "मोडू नकोस हं. अजिबात मोडू नकोस. पोरीला आवडत नसतील तर कपाटात असू देत." एरवी ह्या दोघांचं कशात एकमत होत नाही, आणि गोठांवर झालं. मला संशय यायला हवा होता. मला फक्त राग आला.

एका रविवारी मी गोठ रुमालात बांधून चपला घालायला लागले. हे दारात आडवे उभे राहिले. म्हणाले, "जाऊ नकोस."

"का ते सांगा."

"त्यांची घनता आठ पॉइंट सहा आहे."

"म्हणजे?"

"ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर."

"मी एकक नाही विचारलं," मी म्हटलं. "म्हणजे काय, ते विचारतेय."

मग ह्यांनी सांगितलं. मुलीच्या नववीपासून मनात ठेवलेलं एका दमात सांगितलं. बुडबुडे नव्हते. तीनदा मोजलं तरी आकडा तोच आला, कुलपाच्या किल्लीच्या जवळपास. गोठ पितळेचे होते, वर सोन्याचं पाणी. "त्या बाईकडे नव्हतं गं," हे म्हणाले. "नवऱ्यामागे काज-बटणं करून कुठून आणणार सोनं? लग्नात अब्रू राखली त्यांनी. मी कोण त्यांना उघडं पाडणारा? झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि हे कळल्यावर त्यांच्याकडून अनारसे, कापड, ताटं घ्यायची? माझ्या घशाखाली उतरलं नसतं."

मी तिथेच स्टुलावर बसले. राग कुणाचा करायचा हे मला कळेना. ह्यांचा करावा तर हे आईवर दया करत होते. आईचा करावा, तर तिच्या बोटांची टोकं मी बघितली होती, सुईने भोकं पडलेली. पण त्या बोटांच्या बाईने सगळ्यांसमोर आतून बाहेरून सोनं म्हटलं, आणि मी त्या पितळेवर मान वर करून हिंडले? आणि ह्या माणसाने मला एका शब्दाने सांगितलं नाही. माझ्याच हातातलं मला सोडून ह्यांना ठाऊक. मी म्हटलं, "चला, चपला घाला. आत्ताच काय ते होऊन जाऊ दे."

सोनाराचं दुकान बदलापूर पूर्वेलाच, मुलीच्या बारशाच्या वाळ्यांपासून ओळखीचं. त्याने गोठ बघितले, कॅरेट मोजायच्या मशीनमध्ये ठेवले. म्हणाला, "बावीस कॅरेट, ताई. जुनं काम आहे, छान आहे." मी ह्यांच्याकडे बघितलं. हे हळूच म्हणाले, "ते मशीन वरचा थर वाचतं. कापून बघा." सोनार माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "कापा. मोडायचेच आहेत."

त्याने एक गोठ कापला. आत पितळ नव्हतं. आत काळपट लाल लाख होती. त्याने सांगितलं, "लाखेचे गोठ आहेत. पूर्वी असेच करायचे, पत्रा सोन्याचा आणि आत लाख, म्हणजे दबत नाही." त्याने ज्योत धरली, लाख वितळून खाली पडली, दुकानात जळका वास सुटला. राहिला तो सोन्याचा पत्रा, चांगला जाड.

सोनाराने कान टोचले की दुखत नाही म्हणतात. ह्यांचे दुखले असणार, कारण कानापर्यंत लाल झाले होते. "लाखेचं वजन करा," म्हणाले. सोनाराने केलं. अख्ख्या गोठाच्या एकवीस ग्रॅममध्ये लाख पावणेदोन ग्रॅम. हे तिथेच काउंटरवर पेनाने तळहातावर आकडेमोड करत बसले. शेवटी म्हणाले, "वजनात काहीच नाही. पण आकारमानात लाखच निम्म्याहून जास्त आहे. सोनं सतरा, लाख एकपेक्षा थोडी जास्त, दोन्ही मिळून आठ पॉइंट सहा. आकडा बरोबर होता माझा." मग म्हणाले, "मी धरून चाललो की वस्तू एकाच जिनसाची आहे. लॅबमध्ये नमुना तसाच असतो."

"आई लॅबमध्ये राहत नाही," मी म्हटलं. दुसरा गोठ मी कापू दिला नाही.  घरी आल्यावर मी बोलले, बरंच बोलले, आणि ह्यांनी ऐकून घेतलं. एवढंच ठरलं की पितळेचं आईच्या कानावर कधी जाऊ द्यायचं नाही.

मुलीच्या लग्नाच्या आधीच अधिक महिना लागला. आईचा फोन आला नाही. तिने बोलवायचं सोडून दिलं होतं. ह्यांनीच तिला फोन केला. म्हणाले, "आई, रविवारी धोंडे खायला येऊ का?" आईने कुठला रविवार ते दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "या की."

तिने किती दिवस आधीपासून तांदूळ भिजत घातले होते कोण जाणे. ताट मांडलं होतं, तेहेतीस अनारसे, वर तुपाचा दिवा. आता तिचा हात थरथरतो, त्यामुळे काही अनारसे जाडे झाले होते, जाळी पडली नव्हती. हे पाटावर बसले, जेवले. आईने ओवाळलं, वाण दिलं. ह्यांनी दोन्ही हातांनी घेतलं आणि वाकून नमस्कार केला. मला वाटलं, झालं, सुटलो.

आई समोर भिंतीला टेकून बसली. पदर सारखा केला. म्हणाली, "जावईबापू, एक विचारू? तुम्ही गोठ मोजले होते ना?"

मी हातातली वाटी खाली ठेवली.

"तुमच्या छोटीने मला तेव्हाच सांगितलं होतं," आई म्हणाली. "पप्पांनी गोठ दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवले म्हणून. आणि त्याच्यानंतर तुम्ही धोंडे जेवायला यायचे बंद झालात. तेव्हाच मी ओळखलं. आत लाख आहे त्यांच्या. तुमच्या आत्याबाईंनी चारचौघींत विचारलं, मी काय सांगणार? म्हटलं आतून बाहेरून सोनं. खोटं बोलले. इतकी वर्षं वाटायचं, तुम्ही एकदा तोंडावर बोलाल तर बरं. किती कमी भरलं?"

हे माझ्याकडे बघत नव्हते. खाली ताटाकडे बघत होते. म्हणाले, "कमी नाही भरलं, आई. भरपूर आहे." भरपूर कुठल्या एककात, ते मी विचारलं नाही.

"खरं?"

"खरं. लाख कणभर आहे. बाकी सोनंच."

आईने मान हलवली. तेवढ्यावर भागेल असं मला वाटलं, पण माझी आई आहे ती. तिने विचारलं, "मग माझ्या हातचं का नाही घेतलंत?"

मला काहीतरी बोलायचं होतं. ड्युटी होती, पोट बिघडलं होतं, सगळं तोंडापर्यंत आलं. ह्यांनी मला हाताने थांबवलं. पितळेचा शब्द काढला नाही, तो काढणार नाही असं ठरलंच होतं. पण खोटंही बोलले नाहीत. म्हणाले, "मला वाटलं, तुमच्याकडे द्यायला नाही."

 दिव्याची वात आईने बोटाने पुढे सारली.

"नव्हतंच," ती म्हणाली. "तरी दिलं ना?"

मग उठून तिने ह्यांच्या ताटात आणखी एक धोंडा वाढला, आणि ह्यांनी तो खाल्ला.